भाऊ बोटीवर जखमी झाला, कंपनी शुक्रवारी सही मागतेय. त्याआधी वकील गाठायचा का?

सायली_नेरूळ | ९ जून २०२४, रात्री ११:१०

नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय ३०, बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणारी बोट) ए.बी., म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी आहे. एप्रिलमध्ये ब्राझीलच्या सांतोस बंदरात बोट धक्क्याला बांधताना त्याचा उजवा हात दोर आणि विंचच्या (दोर ओढायचं यंत्र) ड्रममध्ये सापडला. अंगठ्याशेजारचं आणि मधलं अशी दोन बोटं तिथल्या हॉस्पिटलात काढावी लागली. उरलेल्या दोन बोटांतही अजून जोर नाही. बोटीवर झेंडा मार्शल आयलंड्सचा, म्हणजे नोंदणी तिथली, मालक परदेशी, भरती करणारी कंपनी बेलापूरची.

हॉस्पिटल, विमान, इथली फिजिओथेरपी सगळा खर्च कंपनीने केला, त्याबद्दल तक्रार नाही. आता कंपनीच्या डॉक्टरने २०% अपंगत्व लिहिलंय. ऑफिसमधून चार पानी इंग्रजी कागद आलाय, त्यात 'फुल अँड फायनल' असं तीन ठिकाणी आहे. शुक्रवारी सही करा, चेक तयार आहे म्हणतात. मी वकिलाला दाखवते म्हटलं तर साहेब म्हणाले, वकील आणलात तर पाच-सहा वर्षं चेक विसरा.

भावाला सही करून मोकळं व्हायचंय. मुलगी आठ महिन्यांची आहे, आजारपणाचा पगार संपत आलाय. घरात मीच अडून बसलेय आणि त्याचा माझ्यावर राग आहे. अशा प्रकरणात वकील नेमकं काय करतो? खरंच लागतो का? फी कशी असते? ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी कृपया लिहा.

---

सुकाणू | ९ जून, रात्री ११:४२

शुक्रवारी सही करू नका. बाकीचं उद्या सविस्तर लिहितो.

---

मोटरमन_कळवा | १० जून, सकाळी ७:१५

ताई, मी उलट सांगेन. २०१६ साली इंजिनरूमच्या जिन्यावरून पडून माझा मणका दुखावला. वकील केला नाही. युनियनच्या माणसाला सगळे कागद दिले, सीबीएमध्ये जी रक्कम लिहिली होती तीच साडेतीन महिन्यांत खात्यात आली. माझ्याच बोटीवरच्या एका फिटरने वकील केला, त्याची केस सात वर्षं चालली. पैसे मिळाले, पण तोवर त्याने गावची जमीन विकली होती.

सगळ्या कंपन्या वाईट नसतात. सीबीए काढून बघा, रक्कम जुळत असेल तर घ्या आणि पोराला घरी शांत बसू द्या.

---

अनुजा_खारघर | १० जून, सकाळी ९:०३

सीबीए म्हणजे काय? आमच्या घरी कोणी बोटीवर नाही, पण धागा वाचतेय.

---

मोटरमन_कळवा | १० जून, सकाळी ९:२०

युनियन आणि कंपनीमधला सामूहिक करार. पगार, सुट्टी, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर किती डॉलर, हे सगळं त्यात असतं. खलाशाच्या नोकरीच्या करारात त्याचा उल्लेख असतो.

---

सुकाणू | १० जून, दुपारी १:३०

सायली, मी ३७ वर्षं समुद्रावर होतो, त्यातली १४ कॅप्टन म्हणून. अपघाताचा रिपोर्ट कसा तयार होतो ते मी आतून पाहिलंय.

जखमी माणूस लाँचने किनाऱ्यावर जातो आणि तासाभरात कंपनीचा फोन येतो. सकाळपर्यंत रिपोर्ट हवा असतो. चीफ ऑफिसर दोन रात्री झोपलेला नसतो. फॉर्ममध्ये 'कारण' असा एक रकाना असतो आणि त्यात लिहायला सगळ्यात सोपं असतं, 'खलाशाने काळजी घेतली नाही'. ज्याच्याबद्दल हे लिहिलं जातं तो ऑपरेशन टेबलावर असतो. असा एक रिपोर्ट मी स्वतः सही करून पाठवला आहे. तो पोरगा रत्नागिरीचा होता. आजही ते आठवलं की जेवण जात नाही.

म्हणून पहिलं काम, भावाला शांतपणे बसवून त्या सकाळचं सगळं सांगायला लावा आणि तुम्ही लिहून काढा. बोटीच्या मागच्या टोकाला, दोर बांधायच्या जागी, माणसं किती होती? विंचच्या हँडलवर कोण होतं, त्याला भाऊ दिसत होता का? बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, कुठे होता? आधीच्या दोन दिवसांत भाऊ किती तास झोपला? नियमाने २४ तासांत किमान १० आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती मिळायला हवी. तक्त्यात ती नेहमी भरलेली दिसते, म्हणून खरे तास त्याच्याच तोंडून घ्या.

मग लेखी मागणी करा. डेक लॉगबुकची त्या दिवसाची पानं, अपघाताचा रिपोर्ट, विंचच्या देखभालीच्या नोंदी, मूरिंगचं, म्हणजे बोट बांधण्याच्या कामाचं, रिस्क असेसमेंट. सोबतच्या पोरांनी फोनवर फोटो काढले असतील तर आजच मागवून घ्या. ती पोरं साइन ऑफ होऊन, म्हणजे बोट सोडून, पांगली की फोन बदलतात, नंबर बदलतात.

वकील हवा का? माझ्या मते हवा. भांडणासाठी लागेल की नाही ते पुढे कळेल, पण हे कागद मागायला आणि तो चार पानी कागद वाचायला तरी हवाच.

---

कोर्टनाका_ठाणे | १० जून, रात्री १०:०५

मी ठाण्यात कामगार न्यायालयात वकिली करतो. आधीच सांगतो, वकिलाला जाहिरात करायला किंवा काम मागायला बंदी आहे, त्यामुळे इथे माझं नाव किंवा नंबर देणार नाही, व्यक्तिगत निरोपही पाठवू नयेत. माहिती मात्र मोकळेपणाने देतो.

सायलीताई, तुमच्या भावाच्या हातात तीन वेगवेगळे हक्क आहेत आणि तो चार पानी कागद बहुधा तिन्ही एकाच सहीत मिटवतोय.

पहिला हक्क कराराचा. सीबीएमधली अपंगत्वाची रक्कम चूक कोणाची हे न बघता द्यावी लागते. सागरी कामगार करार २००६ हा भारताने २०१५ मध्ये स्वीकारला, मार्शल आयलंड्सने त्याच्याही आधी. त्यातल्या दुरुस्त्या जानेवारी २०१७ पासून लागू आहेत. त्यानुसार करारातली रक्कम पूर्ण आणि विलंब न लावता द्यायची, कमी रकमेवर तडजोड करण्यासाठी खलाशावर दबाव आणायचा नाही, आणि अपंगत्व किती हे ठरायला वेळ लागणार असेल तर मधल्या काळात अंतरिम रक्कम द्यायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही रक्कम घेतल्याने त्याचे बाकीचे कायदेशीर हक्क जात नाहीत. पुढे दुसरीकडून भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वजा होऊ शकते, इतकंच. 'वकील आणलात तर चेक विसरा' हे वाक्य या कलमापुढे टिकत नाही.

दुसरा हक्क १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा. जहाज परदेशी असलं तरी भरती करणारी कंपनी भारतात नोंदलेली असेल तर हा दावा मांडता येतो. अर्ज दोन वर्षांत करायचा, आणि दावेदार राहतो तिथेच करता येतो. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं, म्हणजे ठाण्यात. खारघर, उलवे, उरणवाल्यांनी रायगड जिल्हा बघायचा.

तिसरा हक्क निष्काळजीपणाचा. विंच नादुरुस्त होता, माणसं कमी होती, झोप दिली नव्हती, हे दाखवता आलं तर करारापलीकडची भरपाई मागता येते. सुकाणू सरांनी सांगितलेले कागद इथे लागतात. १ एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या ॲडमिरल्टी कायद्यानुसार इजेचा दावा थेट जहाजाला चिकटतो, मालक बदलला तरी सुटत नाही. जहाज महाराष्ट्राच्या पाण्यात आलं तर मुंबई उच्च न्यायालयाकडून ते अडकवून ठेवता येतं. पण हा बोजा एका वर्षात संपतो. 'हळूहळू बघू' म्हणत बरेच लोक नेमकं हेच वर्ष घालवतात.

---

मोटरमन_कळवा | ११ जून, सकाळी ६:५०

वकीलसाहेब, जहाज अडकवणं वगैरे ऐकायला बरं वाटतं. पण ते बंदरात येणार कधी आणि तोपर्यंत पोराच्या दुधाचं काय? हा माझा मुद्दा आहे.

---

कोर्टनाका_ठाणे | ११ जून, सकाळी ८:३०

मोटरमनदादा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी करारातली रक्कम घ्यायची, हक्क राखून. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. चांगला वकील पहिल्या पत्रात एवढंच लिहितो की रक्कम स्वीकारायला तयार आहोत, पावती देतो, पण पावतीतून 'सर्व दावे सोडले' हे वाक्य काढा. तुमच्या फिटर मित्राची केस थेट कोर्टापासून सुरू झाली असावी.

---

मोटरमन_कळवा | ११ जून, सकाळी ९:१०

हो, थेट कोर्टातच गेला होता. युनियनला विचारलंही नव्हतं. हे मी कधी असं तोडून पाहिलं नव्हतं.

---

पलीकडचा_टेबल | ११ जून, दुपारी ३:४५

मी नऊ वर्षं फोर्टमधल्या एका ऑफिसात होतो, जे पी अँड आय क्लबांचं इथलं काम बघतं. म्हणजे जहाजमालकाच्या विमेदाराच्या बाजूने. आता सोडलंय, म्हणून लिहितो.

पी अँड आय क्लब म्हणजे जहाजमालकांनी एकत्र येऊन चालवलेला विमा. खलाशाची इजा, मृत्यू, मालाचं नुकसान, तेलगळती हे सगळं त्यात येतं. घरच्यांना भेटायला येणारा जो सभ्य, मराठी बोलणारा माणूस असतो तो बहुतेक वेळा क्लबच्या इथल्या प्रतिनिधीचा असतो. तो फळं आणतो, हॉस्पिटलचं बिल तिथल्या तिथे भरतो, आणि त्याची मदत खरी असते. पण तो तुमचा नसतो. त्याने तुमच्या भावाला विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि मिळालेलं उत्तर फाईलला लागतं. 'घाईत होतो हो, माझंच लक्ष नव्हतं,' असं एक वाक्य भाऊ सहज बोलून गेला तर ते इंग्रजीत टाइप होऊन लंडनला जातं.

आमच्याकडे फाईल आली की पहिल्या दिवशी दोन गोष्टी बघायचो. समोर वकील आहे का, आणि अपंगत्वाचा आकडा कोणी लिहिलाय. वकील नसेल तर फाईल लवकर बंद होते, कुटुंबाला पैसेही लवकर मिळतात. पण किती मिळाले हे त्यांनी कशाशी ताडून बघायचं, तो तक्ता त्यांच्याकडे नसतो. मी बसलो होतो त्या टेबलावर सगळे आकडे असायचे. समोरच्या बाईकडे नवऱ्याचा सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, आणि एक प्लास्टिकची पिशवी.

सायली, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. २०% हा आकडा इथे कळीचा आहे.

---

मीनल_घणसोली | ११ जून, रात्री ९:२०

प्लास्टिकची पिशवी वाचून डोळ्यात पाणी आलं. माझ्याकडेही तीच होती.

माझ्या मिस्टरांच्या वेळी बेलापूर स्टेशनच्या बाहेर एक गृहस्थ भेटले. 'मी सगळं करून देतो, वकील आपलाच, मिळेल त्यातले २५% द्या.' मी कोऱ्या वकीलपत्रावर सही दिली. पुढे कळलं की वकिलाने आमची फाईल कधी पाहिलीच नव्हती. तारखेला मी गेले तेव्हा आमच्या बाजूने कोणीच उभं नव्हतं. कोर्टातल्या एका वयस्कर बाईंनी मला विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस दाखवलं. तिथून मोफत वकील मिळाली, तरुण मुलगी होती, पण प्रत्येक तारखेच्या आधी फोन करायची. शेवट तिनेच नीट केला.

---

कोर्टनाका_ठाणे | ११ जून, रात्री १०:१५

मीनलताई, हे सगळ्यांना कळावं म्हणून लिहितो. भारतात वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत मना आहे. २५% मागणारा माणूस वकील असो वा दलाल, तिथून उठून या. फी टप्प्याटप्प्याने ठरते, नोटिशीची इतकी, अर्जाची इतकी, आणि पावती मागायची. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. आणि १९८७ च्या कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो.

---

कॅडेट_करावे | १२ जून, सकाळी १०:४०

मी नेरूळला शिकतोय, अजून समुद्रावर गेलेलो नाही. नेटवर शोधलं तर अमेरिकन वकिलांची पानंच्या पानं येतात. जोन्स ॲक्ट १९२०, तीन वर्षांची मुदत, 'जिंकलो तरच फी'. मग सायलीताईंच्या भावाला अमेरिकेत दावा करता येणार नाही का? रकमा तिथे खूप मोठ्या दिसतात.

---

सुकाणू | १२ जून, सकाळी ११:३०

बाळा, विचारलंस ते चांगलं केलंस, कारण त्या पानांनी इथल्या अनेक घरांची दिशाभूल होते. जोन्स ॲक्ट अमेरिकन जहाजांवरच्या खलाशांसाठी आहे. भारतीय खलाशी, मार्शल आयलंड्सचा झेंडा, ब्राझीलचं बंदर. यात अमेरिका कुठेच नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्येच एका डॅनिश खलाशाच्या प्रकरणात सांगितलं की तो न्यूयॉर्कला बोटीवर चढला म्हणून त्याला अमेरिकन कायदा लागत नाही. झेंडा, खलाशाचा देश, मालकाचा देश, करार कुठे झाला, हे सगळं बघतात.

पण तिथून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. यंदा २६ मार्चला बाल्टिमोरचा पूल कंटेनर जहाजाच्या धडकेने पडला, सहा कामगार गेले. जहाजावर बहुतेक आपलीच मुलं होती. मालकाच्या वकिलांनी १ एप्रिलला, म्हणजे सहाव्या दिवशी, १८५१ च्या कायद्याखाली आपली जबाबदारी जहाजाच्या उरलेल्या किमतीपुरती मर्यादित करा असा अर्ज कोर्टात दिला. आकडा होता ४.३७ कोटी डॉलरच्या आसपास. नदीत शोध चालू होता. जहाजमालक वकिलाकडे सहा दिवसांत जातो आणि आपण सहा महिने विचार करत बसतो.

---

उरणकर_द्रोणागिरी | १२ जून, दुपारी ४:००

थोडं विषयांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. माझा चुलतभाऊ इकडच्या एका कंटेनर यार्डात कंत्राटदाराकडे होता. लॅशिंगच्या (कंटेनर बांधायच्या) दांड्या उतरवताना पायावर पडली, घोटा गेला. यार्डवाले म्हणतात आमचा माणूस नाही, कंत्राटदार फोन उचलत नाही. हे बोटीच्या कायद्यात येतं का?

---

कोर्टनाका_ठाणे | १२ जून, संध्याकाळी ६:१०

नाही, तो खलाशी नाही. पहिला प्रश्न, पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात होतं का? असेल तर तिकडूनच लाभ घ्यायचा. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९०% आणि कायमचं असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा. मग १९२३ च्या कायद्याखाली वेगळा दावा चालत नाही. ईएसआय लागूच नसेल तर १९२३ चा कायदा, आणि त्यात कंत्राटदाराबरोबर मुख्य मालकही जबाबदार असतो. 'आमचा माणूस नाही' हे उत्तर दोन्हीकडे पुरत नाही. गेटपास, हजेरीचा फोटो, सहकाऱ्यांची नावं जपून ठेवा.

---

दर्याची_लेक | १२ जून, रात्री ८:५५

मी दिवाळे कोळीवाड्यातली. आमच्यात करार वगैरे काही नसतो. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, म्हणाला चल की खलाशी चालला. गेल्या साली आमच्या नात्यातला एक पोरगा जाळं ओढताना यंत्रात सापडला, हात गेला. बोटीचा मालक त्याचा सख्खा मामा. कोण कोणाला नोटीस पाठवणार? संस्थेच्या मीटिंगमध्ये बोलणं झालं, मामाने दर महिन्याला पैसे द्यायचं कबूल केलं आणि देतोय. पण मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा मात्र त्याचा काढलेलाच नव्हता. त्यात मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला ५ लाख आणि अंशतः कायमच्या अपंगत्वाला अडीच लाख मिळतात. आता आम्ही बायकांनी घराघरांत जाऊन नावं भरून घेतलीत. पुरुष माणसं 'उद्या करू' म्हणतात आणि दर्यावर जातात.

---

मोटरमन_कळवा | १२ जून, रात्री ९:३०

दर्याची_लेक, तुमच्या गावच्या बायकांना माझा नमस्कार सांगा. सुकट आणायला येतो तेव्हा प्रत्यक्ष सांगेनच.

---

सायली_नेरूळ | १४ जून, रात्री ११:५५

आज शुक्रवार. सही केली नाही.

परवा रात्री सुकाणू काकांचे प्रश्न घेऊन भावासमोर बसले. आधी चिडला. मग बोलायला लागला तो दोन वाजेपर्यंत. आदल्या दोन दिवसांत मिळून पाच तास झोप. माल भरायच्या आधी होल्ड, म्हणजे बोटीतली मालाची कोठारं, धुवायचे होते म्हणून. मागे तिघं हवे होते, दोघंच होते. विंचच्या हँडलवर नवीन ओ.एस., म्हणजे शिकाऊ खलाशी होता, त्याची पहिलीच बोट. भावाने हात वर करून थांब म्हटलं, त्या मुलाने ते वाढव असं समजलं. 'त्याचं नाव कुठे घेऊ नकोस ताई, तो रडत होता माझ्याशेजारी,' असं म्हणाला. मी सगळं वहीत लिहिलंय.

कंपनीला मेल केला, लॉगबुकची पानं, रिपोर्ट आणि सीबीएची प्रत मागितली. ऑफिसमधला आवाज लगेच बदलला. 'मॅडम, वकील केलात का?' म्हणाले. अजून केला नाही. उद्या ठाण्याला एका बाईंना भेटतोय. फक्त कागद वाचायचे आणि पत्र लिहायचं एवढ्याच कामाची त्यांनी फी सांगितली, पावती देणार आहेत.

---

कोर्टनाका_ठाणे | १५ जून, सकाळी ८:००

उत्तम केलंत. त्यांना भेटाल तेव्हा दोन गोष्टी विचारा.

एक, २०% कशाचे? १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं म्हणजे २०% असं छापलेलं आहे. ३० वर्षांच्या माणसाचं गणित असं होतं: वेतन कितीही जास्त असलं तरी महिना १५,००० धरायचे, त्याचे ६०%, गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. त्याचे २०% म्हणजे ३,७४,३६४. परदेशी बोटींच्या सीबीएमधली रक्कम साधारण याच्या कितीतरी वर असते. तेव्हा कंपनीचा चेक कुठल्या आकड्याजवळ आहे ते बघा.

दोन, तो पुन्हा बोटीवर जाऊ शकेल का? बोटं किती गेली आणि कमाई किती गेली हे वेगळे प्रश्न आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एका सुताराच्या प्रकरणात हे सांगितलं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापला होता. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून कमाईची क्षमता १००% गेली असं धरलं. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नमुन्यावर केलेल्या करारांतही असंच कलम असतं. अपंगत्व ५०% च्या खाली असलं तरी डॉक्टरने 'समुद्रावरच्या कुठल्याही कामाला कायमचा अयोग्य' लिहिलं तर पूर्ण रक्कम. आणि दोन डॉक्टरांचं जुळलं नाही तर कंपनी आणि युनियन मिळून तिसरा नेमतात, त्याचं मत अंतिम. तुमच्या सीबीएमध्ये हे कलम आहे का ते त्या बाई पहिल्या दहा मिनिटांत सांगतील.

---

पलीकडचा_टेबल | १५ जून, सकाळी ११:२०

हे कलम आम्ही कधी स्वतःहून कोणाला दाखवलं नाही. विचारलं तर नाकारायचोही नाही.

---

मीनल_घणसोली | १५ जून, दुपारी १:०५

सायली, भावाला एकटं ठेवू नका. पुन्हा समुद्रावर जाता येणार नाही हे कागदावर वाचणं त्याला बोटं गेल्यापेक्षा जड जाईल. आमच्याकडे तसंच झालं.

---

सायली_नेरूळ | २४ ऑगस्ट २०२४, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांचं देणं आहे.

आम्ही नेलेल्या डॉक्टरांनी ३५% लिहिलं आणि पकड कायमची गेली म्हणून समुद्राला अयोग्य लिहिलं. कंपनीचा डॉक्टर २०% वरच राहिला. युनियनने तिसरा डॉक्टर ठरवला. मोटरमनदादा, युनियनचे साहेब खरंच तुम्ही म्हणालात तसे निघाले, दोनदा स्वतः सोबत आले. आणि तिसऱ्या डॉक्टरसमोर ठेवायची फाईल वकीलबाईंनी लावून दिली. डेकवरच्या कामात हाताला काय काय करावं लागतं याची दोन पानं भावाकडून लिहून घेतली, शिडी चढणं, दोर धरणं, फायर होज. डॉक्टरांनी ती दोन पानं पूर्ण वाचली. मग भावाच्या हातात पाण्याने भरलेली बाटली दिली आणि झाकण उघड म्हणाले. तीन वेळा प्रयत्न केला, उघडलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होते.

'समुद्रावरच्या कामाला कायमचा अयोग्य' असं आलंय. करारातली पूर्ण रक्कम मान्य झाली. नवीन पावती आली आहे, एकच पान, 'सर्व दावे सोडले' हे वाक्य नाही, हक्क राखून असं लिहिलंय. निष्काळजीपणाच्या दाव्याचं काय करायचं ते भाऊ ठरवेल. त्या नव्या मुलाला ओढावं लागेल का, एवढंच विचारतो सारखा. बाई म्हणाल्या दावा मालकावर असतो, त्या मुलावर नाही. एप्रिलच्या आत निर्णय घ्यायचाय.

आता एक साधा प्रश्न. सोमवारी सही आहे आणि त्याची सहीच राहिलेली नाही. उजव्या हाताने पेन धरता येत नाही. दोन महिने डाव्या हाताने गिरवतोय, मुलीच्या पाटीवर. पण ती बँकेतल्या सहीशी जुळत नाही. चेक त्या खात्यात जाणार. काय करू?

---

अनुजा_खारघर | २४ ऑगस्ट, रात्री १०:५०

मी बँकेत आहे, हे मला सांगता येईल. चेक त्याच्या नावाचा असेल तर जमा व्हायला सही आड येत नाही, पैसे काढताना येईल. त्याला घेऊन स्वतः शाखेत जा, ओळखपत्र आणि हॉस्पिटलचा कागद न्या, नमुना सही बदलायचा अर्ज मिळतो. डाव्या हाताची सही तिथेच समोर करायची.

---

कोर्टनाका_ठाणे | २४ ऑगस्ट, रात्री ११:१५

पावतीवर डाव्या हाताची सही चालेल. शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा आणि दोन साक्षीदार घ्या, एक तुमच्या बाजूचा असू द्या. इजेमुळे सही बदलली असं एक वाक्य पावतीतच टाकायला बाईंना सांगा. पासपोर्टलाही पुढे सही बदलून घ्यावी लागेल.

---

सुकाणू | २५ ऑगस्ट, सकाळी ६:२०

साक्षीदार म्हणून मी येतो. सीवूड्सलाच राहतो. किती वाजता?

---

सायली_नेरूळ | २५ ऑगस्ट, सकाळी ७:०२

साडेदहाला काका, बेलापूर स्टेशनच्या बाहेर. भाऊ म्हणतोय चहा तो पाजणार.